वर्षालीची खोका अक्षरं

कासारवाडीत रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर उद्धवरावांचं पाट्यांचं दुकान आहे. एके काळी तिथं ब्रशनं पत्रे रंगवले जायचे. आता फ्लेक्सचं मशीन आहे, कॉम्प्युटर आहे आणि कॉम्प्युटरसमोर वर्षाली आहे. परभणीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन ती इथं आली. नवरा प्रज्वल चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. त्याची शिफ्ट कधी सकाळची, कधी दुपारची. हिचा दिवस घरात जाता जाईना. तिनं डीटीपीचा क्लास लावला, मग उद्धवरावांकडे कामाला लागली आणि बघता बघता त्या दुकानाचा उजवा हात होऊन बसली.

तिला अक्षरांचा नाद होता. लोक रस्त्यानं जाताना दुकानं बघतात, ही पाट्या बघायची. बसमध्ये बसली की समोरच्या ट्रकच्या पाठीवरचा 'हॉर्न प्लीज' बोटानं मांडीवर गिरवायची. प्रज्वल म्हणायचा, "अगं, वाच आणि सोड की. गिरवतेस काय?"

एकदा प्रज्वलनं कंपनीतून एक फळी आणली. बाहेरदेशातून यंत्रं यायची ती मोठमोठ्या लाकडी खोक्यांत. खोकी फुटली की फळ्या कामगार घरी न्यायचे, कुणी कपाट करायचं, कुणी चूल पेटवायचं. ह्यानं आणली स्वयंपाकघरात डबे ठेवायला. फळीवर काळ्या शाईत इंग्रजी अक्षरं होती. जाड, बुटकी, दमदार. प्रत्येक अक्षराच्या पायाशी चौकोनी ठोकळा, जसा पैलवान पाय रोवून उभा असावा तसा. आणि प्रवासात खोकं घासून घासून शाई कुठं राहिलेली, कुठं उडालेली, कुठं लाकडाच्या रेषा वर आलेल्या. वर्षालीनं त्या फळीवर डबे ठेवूच दिले नाहीत. भिंतीला टेकवून ठेवली आणि येता-जाता बघत राहिली.

तशी अक्षरं मराठीत करायची, असं तिनं मनावर घेतलं. पण इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं राहतं, आपलं अक्षर शिरोरेघेला टांगलेलं. ठोकळे बसवायचे कुठं? कितीतरी सुट्ट्या तिनं त्यात घालवल्या. शेवटी शिरोरेघच रुळासारखी जाड केली, काना खाली सरळ चौकोनी कापला, आणि सगळी अक्षरं झाल्यावर त्यांच्यावर ओरखडे काढले, शाई न लागल्यासारखे डाग सोडले. त्या अक्षरांना तिनं नाव दिलं 'खोका'.

खोका चालला. असा चालला की उद्धवरावही थक्क झाले. हिंजवडीतल्या कॉफीच्या दुकानावर तो लागला, सेंद्रिय गुळाच्या पुड्यावर लागला, व्यायामशाळेच्या भिंतीवर, टी-शर्टवर, एका हौशी जोडप्याच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा. ज्याचं दुकान काल उघडलं त्याला ते आजोबांच्या काळापासूनचं वाटायला हवं असायचं. उद्धवराव चहा पिता पिता म्हणायचे, "आम्ही जन्मभर जुनी पाटी नवी करून दिली. ही पोरगी नवी पाटी जुनी करून देते, आणि लोक नंबर लावून उभे!" वर्षाली हसायची. आपल्या हातचं अक्षर चारचौघांत मिरवतंय याचं सुख तिला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं.

तिची आई सोजराबाई हिला मात्र अक्षर एकही येत नव्हतं. गावच्या शाळेत ती खिचडी शिजवायची. शेकडो पोरं तिच्या हातचं खाऊन शिकून गेली, पण फळ्यावर काय लिहिलंय ते तिला कधी कळलं नाही, आणि त्याचं तिला काही वाटायचंही नाही. "मला कामून पायजे? तुला येतंय ना?" असं ती लेकीला म्हणायची. मिठाची पिशवी निळी, चहाची लाल, पोस्टाची पेटी कोपऱ्यावरची. तिचं जग असं रंगांनी आणि जागांनी लावलेलं होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर सोजराबाईला अर्धांगाचा झटका आला. हात-पाय औषधांनी बरेच सुधारले, वाचा मात्र गेली. डोकं शाबूत होतं, समोरच्याचं सगळं कळायचं, पण बोलायला गेली की तोंडातून "हे... हे..." एवढंच यायचं. गावात बघायला कोणी नव्हतं. वर्षाली तिला कासारवाडीला घेऊन आली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज चालू द्या. सुरुवातीला वर्षाली सकाळी तिला हाताला धरून दत्ताच्या देवळापर्यंत न्यायची. थोड्याच दिवसांत सोजराबाईनं तो हात झटकला. मी एकटी जाते, असं खुणेनं सांगितलं. वर्षालीनं पत्ता आणि फोन नंबर लिहिलेलं कार्ड करून, लॅमिनेट करून, गळ्यात घालायला दिलं. सोजराबाईनं ते गळ्यातून काढलं, कुत्र्याच्या पट्ट्यासारखं धरून दाखवलं, आणि खुंटीला अडकवून दिलं. प्रज्वल पोट धरून हसला. तो सासूला मामी म्हणायचा. "मामी, तुम्ही तर आमच्या सुपरवायझरच्या वरताण आहात," म्हणाला. मग ती एकटीच जायला लागली, आणि वर्षाली कामाला निघायच्या आत न चुकता परत यायची.

थंडी पडली त्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मिसळीच्या दुकानाचं काम आलं. दुकान जुनं होतं, पण मालकाचा मुलगा शार्दूल आता गल्ल्यावर बसत होता आणि त्याला सगळं बदलायचं होतं. "ताई, हिंजवडीच्या त्या कॉफीवाल्यासारखं करून द्या. एकदम जुन्या गोदामाचा फील पायजे." वर्षालीनं मन लावून काम केलं. काळी पार्श्वभूमी, त्यावर मळकट पांढऱ्या रंगात खोका. पाटी संध्याकाळी चढली तेव्हा ती स्वतः खाली उभी राहून "डावीकडे जरा वर... बास!" म्हणून सांगत होती. घरी आली ती खुशीतच.

दुसऱ्या दिवशी सोजराबाई फिरायला गेली ती परत आली नाही.

आधी वर्षालीला वाटलं, देवळात आरती लांबली असेल. भाकरी थापून झाल्या, डबा भरून झाला, तरी दारात चाहूल नाही. ती देवळात गेली. पुजारी म्हणाले, आजी आल्या होत्या, घंटा वाजवली, प्रसाद घेतला, गेल्या. मग वर्षाली गल्ल्या पालथ्या घालायला लागली. भाजीवाल्याला विचार, इस्त्रीवाल्याला विचार, स्टेशनच्या पुलावर चढून दोन्ही फलाट बघ. नाशिक फाट्याला तर गाड्यांचा असा लोंढा की त्यात माणूस शोधायचं म्हणजे नदीत पडलेला मणी शोधायचा. प्रज्वल शिफ्ट अर्धवट टाकून आला. दोघं दोन दिशांना फिरले आणि दुपारी चौकीवर भेटले तेव्हा दोघांच्याही चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

चौकीतला हवालदार वाईट माणूस नव्हता. त्यानं पाणी दिलं, मग विचारलं, "नाव-पत्ता सांगता येतो का त्यांना?"

"नाही. वाचा गेलीय."

"लिहिता येतं?"

"नाही."

"जवळ फोन, कार्ड, काही?"

वर्षालीला खुंटीवरचं कार्ड डोळ्यांपुढे दिसलं. तिनं नकारार्थी मान हलवली. हवालदार पेन खाली ठेवून म्हणाला, "मग ताई, ती भेटली तरी लोकांना कळणार कसं, कुणाची आहे ती?"

ते वाक्य घेऊनच वर्षाली दुकानात आली. कळणार कसं? पोस्टरनं कळणार. तिला येत होतं ते एवढंच. तिनं कॉम्प्युटर लावला, गावाकडच्या जत्रेत काढलेला आईचा फोटो घेतला. बोटं सवयीनं चालत होती. 'हरवली आहे' असं तिनं खोकात लिहिलं, पानभर मोठं. उद्धवराव मागं उभे होते. त्यांचेही डोळे भरून आले होते. "मोठं कर पोरी, अजून मोठं. उठून दिसलं पाहिजे. येणारा-जाणारा थांबला पाहिजे." फोटो अक्षरांना जुळेना म्हणून तिनं तो जरा तपकिरी केला, कडा झिजवल्या. ती हे का करतेय, असं तिला त्या वेळी कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. रोज ती हेच करायची. नंबर खाली बारीक अक्षरात गेला. प्रिंट निघाली तेव्हा उद्धवराव म्हणाले, "थांबतील. लोक नक्की थांबतील."

लोक थांबले. पोस्टर स्टेशनवर लागलं, फाट्यावर लागलं, पिंपरीच्या बाजारात लागलं, व्हॉट्सअॅपवर तर वाऱ्यासारखं पसरलं. आणि दुसऱ्या दिवसापासून फोन यायला लागले.

पहिला फोन वर्षालीनं पहिल्याच रिंगला उचलला. पलीकडे एक गृहस्थ होते. "नमस्कार, ते 'हरवली आहे' नाटक... चिंचवडला प्रयोग कधी आहे हो?"

तिला वाटलं राँग नंबर. तिनं ठेवला. मग कॉलेजातल्या एका मुलीचा आला. "वेबसिरीज आहे का ही? पोस्टर काय भारी आहे!" त्यानंतर कुणी एक जण नुसताच हसला आणि म्हणाला, "आजीला शोधलं तर फ्री मिसळ आहे का?" प्रत्येक वेळी फोन वाजला की ती झडप घालून उचलायची आणि प्रत्येक वेळी पलीकडे असंच कुणीतरी निघायचं. संध्याकाळकडे हिंजवडीच्या कॉफीच्या दुकानातल्या नेहाचा फोन आला. तिची पाटी वर्षालीनंच केली होती. नेहा उत्साहात होती. "वर्षाली, ते आजीचं कॅम्पेन तुझंच ना? मी फाँट बघूनच ओळखलं. कशाचं आहे गं? सस्पेन्स मस्त ठेवलायस."

"नेहा," वर्षाली म्हणाली, "ती माझी आई आहे."

पलीकडे मग नेहा रडायलाच लागली. वर्षालीला रडूही येईना. तिनं फोन ठेवला आणि दुकानाच्या पायरीवर बसली. समोरच्या विजेच्या खांबावर तिचंच पोस्टर होतं. दोन पोरं त्याच्याजवळ उभी राहून फोटो काढत होती. ती बघत राहिली. आईचा चेहरा तपकिरी, झिजलेला, जणू माणूस हरवून पन्नास वर्षं झाली असावीत. आणि वर ती देखणी अक्षरं. ती दिसली की जाहिरात समजायची, हे साऱ्या गावाला शिकवलं होतं ते तिनंच.

ती उठली आणि नखांनी पोस्टर फाडायला लागली. पोरं घाबरून बाजूला झाली. खळ पक्की बसली होती, कागद लांब लांब चिरफाळ्यांनी निघत होता. प्रज्वल धावत आला, त्यानं तिचे हात धरले. "अगं, निदान चेहरा तरी राहू दे!"

"चेहरा कुठंय त्यात?" ती ओरडली. "माझी माय अशी दिसते का? सांग ना, दिसते का अशी?"

प्रज्वलकडे दुसरीच एक गोष्ट होती, आणि ती सांगावी की नाही या विचारात तो आला होता. गल्लीच्या तोंडाशी औषधाचं दुकान आहे, त्याच्या कॅमेऱ्यातलं चित्रण त्याला बघायला मिळालं होतं. तो एवढंच म्हणाला, "चल. मामी दिसल्यात. पण बसून बघ."

छोट्याशा पडद्यावर सकाळचा रस्ता होता. दुधाची गाडी गेली, एक कुत्रं गेलं. मग डावीकडून सोजराबाई आली. अंगावर तीच हिरवी शाल, चालणं सावकाश पण नेमकं. गल्लीच्या तोंडाशी आली आणि थांबली. मान वर करून तिनं मिसळीच्या दुकानाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग मागं वळली, आली त्या रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. कपाळावर हात नेला. एका माणसाला तिनं थांबवलं, हातानं काहीतरी दाखवलं, एक चौकोन हवेत काढला. त्या माणसाला वाटलं भीक मागतेय. त्यानं हात हलवला आणि पुढं गेला. सोजराबाई आणखी थोडी घुटमळली, आणि गल्ली मागं टाकून सरळ फाट्याच्या दिशेनं चालायला लागली.

औषधवाला म्हणाला, "इथंच तर वळायचं होतं. रोज वळतात की आजी. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक."

वर्षालीला ठाऊक होतं. मिसळीच्या दुकानाची जुनी पाटी पिवळी धमक होती, पत्र्याची, एका कोपऱ्यात हिरवी मिरची काढलेली. फाट्याकडूनसुद्धा ती दिसायची. आई तिथं वळायची. तिला ते दुकान मिसळीचं आहे हेही माहीत असण्याची गरज नव्हती. पिवळं आलं की वळायचं. आणि आदल्या संध्याकाळी पाटीखाली उभी राहून 'बास' म्हणणारी तिची लेकच होती.

ती तशीच शार्दूलच्या दुकानात गेली. गिऱ्हाईकं बसली होती. "जुनी पाटी कुठंय?"

"ताई, ती तर भंगारात दिली. का?"

तिनं सांगितलं. धड वाक्यंही जुळत नव्हती, पण त्याला कळलं. त्यानं हातातला चमचा खाली ठेवला. "ताई, आईशप्पथ, मला काय माहीत..."

"तुला नाही. मला माहीत असायला हवं होतं."

ती उद्धवरावांच्या दुकानात परत गेली, पिवळ्या रंगाचा फ्लेक्स छापला, एक अक्षरही नसलेला, नुसता पिवळा. शार्दूल स्वतः शिडीवर चढला आणि नव्या कोऱ्या पाटीवर त्यानं तो बांधला. दिवसभर लोक विचारत होते, हे काय आहे? शार्दूल सांगायचा, "आजीसाठी आहे." वर्षाली येता-जाता त्या पिवळ्याखाली उभी राहायची. आई परत येईल, तिला लांबून पिवळं दिसेल आणि वळेल, असं तिला वाटायचं. आणि लगेच वाटायचं, आता ती इतकी लांब असेल की तिथून काहीच दिसत नसेल. थंडी वाढत होती. शाल पातळ होती. पोटात काही गेलं असेल का? कुणाकडे मागितलं असेल तर लोकांनी हात हलवला असेल, त्या माणसासारखा. जेवायला बसली की ती ताट तसंच सरकवून उठायची.

दुसरं पोस्टर तिनं केलं ते अगदी साधं. रोजच्या सरकारी कागदावर असतात तशी बारीक अंगाची, स्वच्छ अक्षरं. वर लाल पट्टी, 'कृपया मदत करा. आमची आई सापडत नाही.' फोटो आधार कार्डाच्या वेळचा, समोरून काढलेला, रंगीत. 'बोलता येत नाही. सगळं समजतं. हिरवी शाल.' आणि फोन नंबर इतका मोठा की चालत्या गाडीतून वाचता यावा. उद्धवरावांनी ते हातात घेतलं आणि खळीची बादली उचलून स्वतःच निघाले. प्रज्वलनं आपल्या कंपनीच्या आणि आसपासच्या कंपन्यांच्या बसचालकांना गाठलं. कामगारांना चाकणपर्यंत ने-आण करणाऱ्या गाड्यांत, ड्रायव्हरच्या मागच्या काचेला एकेक कागद लागला.

तरी दिवस जात राहिले. एकदा एका सरकारी दवाखान्यातून फोन आला, बेवारस बाई आहे, ओळख पटवायला या. तिथपर्यंतच्या रिक्षात वर्षाली आणि प्रज्वल एकमेकांचा हात धरून बसले होते आणि दोघंही वेगवेगळ्या देवांना तेच मागत होते. ती बाई दुसरीच निघाली. वर्षालीला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. तीही कुणाची तरी आई होती. बाहेर येऊन ती भिंतीला टेकली आणि पहिल्यांदा हमसून हमसून रडली.

आठवडा कधीच उलटून गेला होता. एका दुपारी फोन वाजला. बाईचा आवाज, खणखणीत, गावाकडचा. "त्या कागदावरच्या वर्षालीताई तुमीच का? मी इंदुताई बोलते, चाकणजवळच्या निघोज्यावरनं. हितं कामगारांची खानावळ हाय माझी. तुमची आई हाय माझ्यापाशी."

वर्षालीला वाटलं आपलीही वाचा गेली.

"आवो ताई, ऐकताय न्हवं? जित्ती हाय. पर लवकर या. ताप उतरंना झालाय."

प्रज्वलच्या मोटारसायकलवर ती निघोज्याला पोचली कशी हे तिला आठवत नाही. कंपन्यांच्या भिंती संपल्या की खोल्यांची रांग लागते, परगावची कामगार मुलं तिथं भाड्यानं राहतात. त्या रांगेच्या टोकाला पत्र्याची खानावळ होती. आत चुलीपुढे गोणपाटावर, दोन गोधड्या पांघरून, सोजराबाई बसली होती. पायांना फडकी बांधली होती. ताप होता, श्वास खरखरत होता, आणि तशातही डाव्या हातानं ती लसूण सोलत होती.

वर्षाली तिच्यापुढे बसली. "माय."

सोजराबाईनं पाहिलं. लगेच ओळखलं. तिनं हातातला लसूण खाली ठेवला, लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि मग गालावर एक चापट मारली. अंगात ताकद नव्हती, ती चापट पिसासारखी लागली. तोंडानं "हे... हे..." चाललं होतं. किती तरी सांगायचं होतं तिला, आणि एकही शब्द सापडत नव्हता. वर्षालीनं डोकं तिच्या मांडीत खुपसलं.

इंदुताईनं मग सगळं सांगितलं. हरवल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी कंपनीच्या भिंतीलगत ही बसलेली दिसली, पायात चप्पल नाही, पाय फुटलेले. फाट्यावरून चाकणकडे येणाऱ्या एखाद्या सवारी रिक्षात बसली असावी आणि शेवटाला उतरवली असावी, असा सगळ्यांचा अंदाज. खरं काय ते तिचं तिलाच माहीत. "पोरांनी टाकली आसंल, आसंच वाटलं आमाला. आजकाल टाकत्यात की. गावच्या पोलीस पाटलांच्या कानावर घातलं. त्यांनी चौकीला कळवतो म्हनलं, पर ते तसंच ऱ्हायलं. मी म्हनलं, तवर ऱ्हाऊ दे, दोन भाकरी खाईल. पर ही रिकामी बसंनाच, लसूण सोलून द्याया लागली."

मग तिनं जरा आवाज खाली घेतला. "ताई, खोटं कशाला बोलू, तुमचा पयला कागद आमी बघितला व्हता. ह्या पोरांच्या मोबायलवर आला व्हता. जेवताना समद्यांनी बघितला. ह्या म्हातारीच्या म्होरंच. आमाला वाटलं, कुठल्या पिक्चरची जाह्यरात हाय. त्यातली बाई हीच, हे कुनाच्या ध्यानातच न्हाई आलं. काल बसमधला कागद एकानं काढून आणला, तवा कळलं."

वर्षाली ऐकत होती. चुलीचा धूर डोळ्यांत जात होता. तो कागद आईच्या समोर येऊन गेला होता, हातभर अंतरावर. आणि आईला वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचून बाजूला सारला होता. इंदुताईचा तिला राग आला नाही. तिनं तिचे पाय धरले.

सोजराबाईला न्यूमोनिया झाला होता. दवाखान्यात बरेच दिवस गेले. छाती साफ झाली, पण उजवा पाय पहिल्यासारखा राहिला नाही, बहुतेक त्या दिवसांत कधीतरी आणखी एक लहानसा झटका येऊन गेला असावा असं डॉक्टर म्हणाले. घरी आणल्यावर ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. सकाळी चपला घालायची, दारापर्यंत यायची, उभी राहायची आणि परत फिरून चपला काढून ठेवायची. वर्षाली म्हणायची, "माय, मी येते ना हाताला धरून." सोजराबाई मान हलवायची. नाही म्हणजे नाही.

वर्षाली कामावर जायला लागली. पहिले काही आठवडे तिनं खोका उघडलाच नाही. उद्धवरावांनी एकदा हळूच विचारलं, "पुसून टाकायचा का?" तिला सांगता येईना. वर्षभराची मेहनत होती ती, आणि तिला अजूनही ती अक्षरं सुंदर दिसायची, हेच तिचं दुखणं होतं. नंतर ऑर्डरी आल्या तशा तिनं केल्या. साबणाचा डबा असो, कॉफीचं दुकान असो, ती करून द्यायची. दवाखान्याची पाटी मात्र खोकात मागणाऱ्याला तिनं सरळ नकार दिला, तेव्हा गिऱ्हाईक चिडून दुसरीकडे गेलं आणि तिथून हुबेहूब तसलंच काहीतरी करून घेऊन आलं. ती पाटी रोज तिच्या रस्त्यात आहे. तिथून जाताना ती मान खाली घालते.

उन्हाळा लागला तेव्हा सोजराबाई काहीतरी मागायला लागली. आधी कुणाला कळेना. ती खाली बसून चूल फुंकल्यासारखं करायची, मग डाव्या हाताची बोटं चिमटीत धरून काहीतरी सोलल्यासारखं. प्रज्वलला उलगडलं. "मामी, निघोजे? इंदुताई?" तिनं जोरजोरानं मान हलवली.

वर्षालीला ते लागलं. लेकीच्या घरातून पाऊल बाहेर टाकत नाही, आणि परक्या बाईच्या खानावळीत जायचंय. तरी रविवारी तिनं रिक्षा केली. सोजराबाई रिक्षात डोळे गच्च मिटून बसली होती, वर्षालीचा दंड तिनं इतका घट्ट धरला होता की नंतर वळ उठले. निघोज्याला उतरल्यावर मात्र तिनं हात सोडला. लंगडत, भिंतीला धरत, ती आपली आपण आत गेली आणि चुलीजवळ बसली. इंदुताईनं लसणानं भरलेली पाटी तिच्यापुढं सरकवली.

तेव्हापासून रविवारी त्या जातात. जेवायला येणारी पोरं सोजराबाईला "काय आजी, बरं हाय का?" म्हणतात, ती हात वर करते. तिला तिथं कुणी वाट विचारत नाही, बोल म्हणत नाही. सुरुवातीला वर्षाली दाराशी उभी राहून मोबाईल बघायची. एकदा इंदुताई आतूनच म्हणाली, "ताई, पंगत बसायची येळ झाली. उभ्या का?"

वर्षालीनं चपला काढल्या, आईशेजारी गोणपाटावर बसली आणि एक गड्डा उचलला. सोजराबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. लसणाची पाटी तेवढी दोघींच्या मधे ओढून घेतली.